खांडीला लावलेली पाठ

माझं काम बांध फोडण्याचं आहे. कागदावर त्याला भारदस्त नावं आहेत. किनारा मागे घेणे, समुद्राला जागा करून देणे, असं बरंच काही. पण कितीही गोड बोललं तरी शेवटी एक पोकलेन येतो आणि बांध फुटतो.

यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही. चेन्नईत कुणी विचारलं तर मी तावातावाने पटवून देते. शोळिंगनल्लूर मागे टाकून थोडं पुढे गेलं आणि मोठ्या रस्त्यावरून खाडीकडे वळलं की एक पडीक जमीन लागते. पूर्वी तिथे भात व्हायचं. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून कुणीतरी मातीचा लांबलचक बांध घातला होता. पुढे गोड्या पाण्याचा उपसा इतका झाला की विहिरीच खारट झाल्या, भात पिवळं पडायला लागलं आणि शेतकरी एकेक करून निघून गेले. जमीन सरकारकडे आली. बांध तेवढा उरला, आणि आता तो समुद्राला नाही, पुरालाच अडवायचा. वरून पावसाचं पाणी आलं की त्याला खाडीत जायला वाट नाही, पसरायला जागा नाही, आणि मग इकडे वेलचेरीत आमच्या इमारतीखाली स्कूटर तरंगतात. बांधाला तोंड पाडलं तर भरती आत येईल, ओहोटीला बाहेर जाईल, चिखलात खारट पाण्याची झुडपं धरतील, मासे येतील, त्यांच्यामागे बगळे येतील, आणि पुरालाही हातपाय पसरता येतील. कुणाशीही वाद घालायला मी तयार असते.

फक्त आबांशी नव्हते. माझे वडील दोन पावसाळे आमच्याकडे राहिले, तरी मी नेमकं काय करते ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठची. भरतीला खाडीचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच असायचं, मध्ये फक्त बांध. बांधाच्या या बाजूला भात आणि त्या बाजूला तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलातली झाडं, असं बघतच मी मोठी झाले. बांधाला भगदाड पडलं तर आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. हा शब्द ऐकला की हातातलं काम टाकून पळायचं, एवढं लहान मुलांनाही माहीत असे. प्रत्येक घरातून एक माणूस आणि माती वाहायची एक पाटी. कुणाचं शेत बुडतंय हे विचारायचं नाही. एकदा एका गृहस्थांनी धावता धावता तेवढं विचारलं, तर लोक त्यांना मरेपर्यंत ‘कुणाचं शेत’ याच नावाने हाक मारत होते. माझ्या आत्याच्या लग्नात हळदीच्या दिवशी खांड गेली आणि नवरामुलगा हळदीच्या अंगाने माती वाहायला आला. हळद सगळी खाडीत गेली म्हणून आत्या रुसली होती, पण आजी म्हणाली, पोरगा चांगला निघाला.

खांड भरायची रीत होती. पाणी जोरात आत येत असताना नुसती माती टाकून भागत नाही, पडेल ती वाहून जाते. म्हणून चारपाच धडधाकट माणसं भगदाडात उतरायची, खांद्याला खांदा लावायची आणि समुद्राकडे पाठ करून उभी राहायची. पाण्याचा मार पाठीवर घ्यायचा. त्यांच्या पोटाशी जरा पाणी संथ व्हायचं आणि तिथे बाकीच्यांनी पेंढा आणि माती भरायची. याला पाठ लावणं म्हणत. आबा पाठ लावणाऱ्यांतले. भरून झालं की ते वर यायचे तेव्हा पाठ लालबुंद झालेली असायची आणि आई तिला खोबरेल चोळताना बडबडत असायची, गावात दुसऱ्या कुणाला पाठ नाही का.

आणि बांध फोडणारा माणूस? तो आमच्या गावात एकच होऊन गेला. आतल्या डबक्यात मासे चढावेत म्हणून त्याने गुपचूप बांध तोडला होता. त्याच्या घरी पुढे कुणी विस्तव मागायला गेलं नाही. मी शाळेत असताना त्याची नातवंडंही वर्गात वेगळी बसायची, आणि आम्ही त्यांना का वेगळं बसवतो हे आम्हाला कुणालाच धड माहीत नव्हतं. एखादी बाई रागावली की शिवी द्यायची, तुझ्या घरात खांड जाईल. याहून वाईट शिवी आमच्याकडे नव्हती.

शेवटची खांड गेली तेव्हा मी चेन्नईत नोकरीला लागलेली होते. गावातली मुलं पनवेलला, उरणला, कंपन्यांत गेली होती. जमिनीला गिऱ्हाईक येणार म्हणून लोक नुसते वाट बघत होते, भात कोण लावतो. आबांनी बांधावर उभं राहून हाक दिली. हाक घराघरांत ऐकू गेली, पण पाटी घेऊन कुणी आलं नाही. कुणी म्हणालं कंबर धरलीय, कुणी म्हणालं आता कशाला, सगळंच विकायचंय. आबा एकटेच पाठ लावून उभे राहिले आणि आईने जमेल तशी माती टाकली. ओहोटीला थोडं भरल्यासारखं झालं. पुढच्या भरतीने ते नेलं. आता आमच्या शेतात तिवरं आहेत, माझ्या डोक्याच्या वर गेलेली. मला त्यांनी हे कळवलंही नाही. दिवाळीला गेले तेव्हा मी पाहिलं. आबांनी एवढंच सांगितलं, “मानसं नाय आली.” भात गेल्याचं ते पुढे कधी बोलले नाहीत, माणसं न आल्याचं मात्र अधूनमधून बोलत.

आई गेल्यावर मी त्यांना चेन्नईला आणलं. लेकीच्या दारात किती दिवस बसायचं, हे पालुपद पहिले काही महिने रोज असायचं. माझ्या सासूबाईंनी ते हळूहळू मोडून काढलं. त्या तंजावरकडच्या मराठी, जन्म सगळा तमिळ मुलखात गेलेला. त्यांचं बोलणं ऐकून आबा मला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “तुजी सासू पोथीतनं बोलते.” सासूबाईंचंही मत तयारच होतं. “अय्यो, ह्यांचें मराठी मला अर्धेंच कळतें. पण माणूस बरवा.” अर्ध्या कळण्यावर त्या दोघांचं चांगलं जमलं. दुपारी दोघं टीव्हीवर तमिळ मालिका बघायची आणि आपापल्या मराठीत त्यातल्या सुनेला शिव्या घालायची.

आबांनी माझ्या नोकरीबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं, खाडीवरच्या बांधांकडे बघावं लागतं. खोटं काही नव्हतं. बाकीचं त्यांनी स्वतः भरून घेतलं, आणि मी घेऊ दिलं. थोड्याच दिवसांत खालच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, वेलचेरी स्टेशनबाहेरच्या शेअर ऑटोवाल्यांना कळलं की म्हाताऱ्याची मुलगी समुद्र अडवते. भाषा येत नव्हती तर ते हातांनी सांगायचे. एक हात आडवा, तो बांध. दुसरा हात लाटांसारखा येऊन त्यावर आपटायचा आणि मागे जायचा. मग छातीवर थाप मारून माझ्याकडे बोट. वॉचमन मला पाहून अदबीने उठायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मी कधी म्हटलं नाही की आबा, तो आडवा हात खाली घ्या.

बांधाला तोंड पाडायचा दिवस पौर्णिमेचा ठरला. भरती त्यातल्या त्यात मोठी मिळावी म्हणून. इथली भरती म्हणजे कोकणातल्या भरतीची गरीब चुलत बहीण, उधाण आलं तरी गुडघा-मांडीच्या वर जात नाही. कार्यक्रम मोठा होता. पाहुणे येणार होते, कॅमेरे येणार होते, आणि आमच्या मोठ्या साहेबांनी हौसेने सांगितलं होतं की सगळ्यांनी घरच्यांना आणा. मी आणणार नव्हते. पण सासूबाईंनी आमंत्रणाचं कार्ड फ्रिजवर पाहिलं आणि आबांना जाऊन सांगितलं की लेकीच्या कचेरीचा उत्सव आहे, चला. कार्ड तमिळ आणि इंग्रजीत होतं. त्या बिचाऱ्यांनी तारखेपलीकडे काही वाचलं नव्हतं.

“कसला कार्यक्रम गं?” आबांनी मला विचारलं.

“बांधावरचा,” मी म्हटलं.

“नवी उघाडी बसवताव?” उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. आमच्याकडे नवी उघाडी बसली की नारळ फोडतात, जेवण असतं.

मी म्हटलं, “तसंच काहीतरी.”

दोन शब्दांत काम भागलं म्हणून मला त्या वेळी बरंच वाटलं. गर्दीत आबा मागे सासूबाईंबरोबर मांडवात बसतील, पोकलेन काय करतो ते त्यांना नीट दिसणार नाही, नारळ फुटेल, जेवून घरी येऊ, असा माझा हिशेब होता. आता तो आठवला की कान गरम होतात. बांधावर वाढलेला माणूस बांधावर गेल्यावर मांडवात बसेल, हे मला वाटलं तरी कसं?

ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. गाडीतून उतरल्या उतरल्या मांडवाकडे न बघता बांधावर चढले. मी मागून धावले. शेताच्या बाजूला जमीन पांढुरकी पडलेली होती आणि मध्ये मध्ये जाड, रसाळ पानांची लालसर झुडपं उगवली होती. इथले लोक त्याला उमरी म्हणतात. खारट जमिनीची ती पहिली खूण. आमचं सगळं काम ही उमरी सगळीकडे पसरावी म्हणूनच चाललेलं. आबांनी वाकून एक पान तोडलं, चावलं, थुंकलं.

“खार चढलाय,” ते म्हणाले. “पन जमीन मेलेली नाय. बांध नीट धरून ठेवला नि चार पावसं धुऊन निघाली, तं भात येल. चांगलं काम करताव तुमी.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते, असं मी पुष्कळदा स्वतःला विचारते. खरं म्हणजे म्हणण्यासारखं पुष्कळ होतं आणि वेळही होता.

पूजा झाली, नारळ फुटला. प्रमुख पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि पोकलेनने बांधाचा शेवटचा पातळ राखून ठेवलेला भाग उचलायला सुरुवात केली. आबा मांडवात नव्हतेच. ते बांधावर उभे राहून मान डोलावत बघत होते, उघाडीसाठी खड्डा खणतायत असंच त्यांना वाटत होतं. मग पोकलेनची बादली एकदा वर आली आणि तिच्यामागे पाणी आलं. आधी तळहाताएवढं, मग एकदम दाराएवढं. कडेची माती ढासळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांच्या वर आबांची हाक ऐकू आली.

“खांड गेली! धावा रे! खांड गेली!”

ती हाक मी लहानपणापासून ओळखते. माझे पाय आपोआप दोन पावलं पुढे गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कोण आहे नि कुठे आहे. आबांनी चपला फेकल्या, दोन्ही हातांनी बांधाची माती ओरबाडली आणि उतरले. मांडीभर पाण्यात उभे राहून कडेला माती टाकत होते, परत ओरबाडत होते. पोकलेनवाल्याने घाबरून मशीन बंद केलं. बंदोबस्ताच्या पोलिसांतले दोघे त्यांना ओढून काढायला पुढे झाले. सगळ्यांचे मोबाइल तिकडे वळले. कुणीतरी हसलं.

मोठे साहेब माझ्याशेजारी आले. “हे तुझे वडील ना? काय करतायत?” त्यांनी विचारलं.

रागावले नव्हते ते, खरंच विचारत होते. मी खरं सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, इतके ते समंजस आहेत. पण पाहुणे बघत होते, कॅमेरे चालू होते, माझे सहकारी तोंडावर हात धरून उभे होते, आणि मला आबांची लाज वाटली. हे मला स्पष्ट लिहायला हवं. चिखलाने भरलेल्या सदऱ्यात, दात विचकून ओरडणाऱ्या, कुणालाही न कळणाऱ्या भाषेत हाका मारणाऱ्या माझ्या बापाची मला लाज वाटली.

“पूजा आहे, सर,” मी म्हटलं. “आमच्या कोकणातली पद्धत. बांध उघडताना घरातलं वडीलधारं माणूस पाण्याला माती वाहतं. जमिनीच्या वतीने समुद्राला निरोप.”

एवढं सविस्तर खोटं मला उभ्या उभ्या कसं सुचलं कोण जाणे. अहवाल लिहून लिहून हात बसला असेल. साहेबांचा चेहरा एकदम भक्तिभावाने भरून आला. त्यांनी हात वर करून पोलिसांना थांबवलं, वळून पाहुण्यांना सांगितलं, पाहुण्यांनी शेजारच्याला सांगितलं. पूजा म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही, आपल्याकडेही नाही आणि इथेही नाही. प्रमुख पाहुण्यांनी चपला काढल्या, पांढरी वेष्टी गुडघ्यावर दुमडून खोचली, मूठभर माती घेतली, डोळ्यांना लावली आणि पाण्यात टाकली. मग त्यांच्यामागे सगळेच आले. अधिकारी बूट काढून आले. बायका साड्यांचे काठ सावरत आल्या, एकीने मातीच्या ढेकळाला कुंकू लावलं. ज्याने त्याने मूठ मूठ माती टाकली.

आणि आबांनी वर बघितलं.

ते तोंड मी विसरू शकत नाही. माणसं येत होती. चपला टाकून, हातात माती घेऊन, ओळखदेख नसताना, कुणाचं शेत ते न विचारता, माणसं धावून येत होती.

“या! या!” आबा ओरडले. त्यांचा आवाज फुटला होता. “हितं, कडेला टाका! मदी नको, कडेला! अगं पोरी, सांग त्यांना, पाटी आना, पेंढा आना! मी पाठ लावतो!”

आणि ते भगदाडाच्या मधोमध गेले, खाडीकडे पाठ करून, पाय रोवून उभे राहिले. पाण्याचा लोट पाठीवर आपटून दोन्ही अंगांनी आत जात होता. ते हसत होते. हात जोडून लोकांना हसत होते. लोकांना वाटलं पूजेचाच भाग आहे, त्यांनीही हात जोडले. फोटोवाले वाकून वाकून फोटो काढत होते. मांडवातून सासूबाईंनीसुद्धा हात जोडले.

मी बांधावर उभी होते. माझ्या हातात माती नव्हती. तिथे माती न टाकलेली मी एकटीच असेन.

मग ध्वनिक्षेपकावर जेवणाचं जाहीर झालं. लोकांनी हात धुतले, चपला शोधल्या आणि मांडवाकडे निघाले. हसतखेळत, एकमेकांच्या वेष्टीवरचा चिखल दाखवत. पोकलेन पुन्हा सुरू करायला थोडा अवकाश होता. टाकलेली माती केव्हाच वाहून गेली होती. आबा तसेच उभे होते.

“गेली कुटं मानसं?” त्यांनी मला विचारलं. “च्या प्यायला गेली काय? हाक मार गं. आता कुटं हाताला लागलंय. पानी चढतंय.”

मी चांगली साडी नेसले होते. तशीच पाण्यात उतरले. 

“आबा, चला वर. ही भरायची नाही.”

“का?”

“फुटलेली नाही ती. फोडलीय. पाणी आत घ्यायचंय.”

“कुनी फोडली?”

“आम्ही. मी. माझं कामच ते आहे.”

त्यांना ते कळायला वेळ लागला. त्यांनी पोकलेनकडे बघितलं, आत पसरत चाललेल्या पाण्याकडे बघितलं, उमरीच्या झुडपांभोवती पाणी फिरत होतं तिकडे बघितलं. मला वाटलं आता शिवी येईल. आली असती तर बरं झालं असतं, मी वाट बघत होते. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

“मंग ही मानसं माती कशाला टाकत होती?”

“मी सांगितलं त्यांना,” मी म्हटलं. “पूजा आहे म्हणून.”

 पाठ तशीच लावून ते थोडा वेळ उभे राहिले, उगाचच. मग म्हणाले, “माज्या चपला बघ कुटं हायत.” मी चपला शोधल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या आणि अनवाणीच गाडीपर्यंत चालत गेले. वाटेत एक बाई वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिला आशीर्वादही दिला.

घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, जेवले, दुपारी सासूबाईंबरोबर मालिका बघितली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला बोलायचं होतं. पूर, भूजल, पक्षी, सगळं समजावून सांगायचं होतं, आणि मनात मी ते कितीदा तरी जुळवलं. पण हे सगळं खरं असलं तरी आबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. बांध फोडल्याची मला लाज वाटत नव्हती. एका माणसाला आयुष्यात एकदाच हवं होतं ते मी त्याच्यासमोर उभं केलं होतं, आणि तेही त्याच्यासाठी नाही, माझी अब्रू राखायला. याची मला लाज वाटत होती, वाटते आहे. दोनचार दिवसांनी लक्षात आलं की ते आता खाली वॉचमनकडे जात नाहीत. इस्त्रीचे कपडे आणायला मला सांगतात.

तमिळ पेपरात फोटो आला. मोठा, चार रंगांत. मध्ये आबा हात जोडून हसतायत, मागे पाणी, भोवती मातीच्या मुठी घेतलेले लोक. सासूबाईंना अभिमानाने काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी तो फोटो माझ्या नवऱ्याकडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, तिथून तो माझ्या आत्याकडे गेला, आणि आत्याकडून गावात.

रविवारी सकाळी गावाहून फोन आला. आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत होतं, त्या काकांचा. आबा कानाला फोन लावत नाहीत, समोर धरून मोठ्या आवाजावर बोलतात. मी पलीकडे लसूण सोलत बसले होते.

“अरे, तो फोटो तुजाच ना?” काका विचारत होते. “पान्यात काय करतस तू?”

 मला वाटलं आबा आता खरं सांगतील. माझे हात थांबले.

“खांड गेलती,” आबा म्हणाले. “पोरीच्या बांधाला.”

“काय सांगतस!”

“मी हाक मारली. अरे, काय मानसं धावली म्हनून सांगू. सायब लोक बूट काडून. बाया-मानसं. माजी भाशा त्यांना कळं नाय, तरी आली. कुनी विचारलं नाय कुनाचं शेत. मी पाठ लावली नि त्यांनी माती टाकली.”

“नि भरली?”

“भरली तर.”

“जा, जा. उधानाला अशी भरते होय.”

“तुला खोटं वाटतंय? थांब, पोरीला देतो. ती सायब हाय तिकडची, तिला विचार.”

आणि आबांनी फोन माझ्यापुढे धरला.  मी हातातला लसूण खाली ठेवला आणि फोन घेतला, मोठा आवाज बंद करून कानाला लावला.

“खरंच भरली काय गं?” काकांनी विचारलं.

“हो काका,” मी म्हटलं. “भरली.”

 मागे काकांच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, “परक्या मुलखातली मानसं आली त्याच्या हाकेला. नि आमी इतं दाराला कडी लावून बसलेलो, त्या दिवशी. लाज वाटते गं पोरी.”

त्यांनी फोन ठेवला. मी तो आबांना परत दिला.

“काय म्हनाला?” आबांनी विचारलं.

“लाज वाटते म्हणाले.”

“वाटली पायजे,” आबा म्हणाले. बोलताना ते माझ्याकडेच बघत होते.